आटवलेलं पाणी

म्वेआ भागात गिचिराला सगळे ‘डॉक्टर’ म्हणत. पाठीवर फवारणीचा पंप, हातात औषधाची बाटली, आणि रोगी सगळे टोमॅटो. त्यामुळे तक्रार घेऊन कुणी येत नसे. पण आताशा ह्या डॉक्टरलाच घरच्या विहिरीची धास्ती बसली होती.

कारण घरात दुसरा गिचिरा आला होता. लेक मिचेरेचा हा दुसरा मुलगा. दुसऱ्याला आईच्या बापाचं नाव द्यायचं, ही रीतच. तापातून उठल्यावर मिचेरेचं दूध आटलं, म्हणून बाळ पावडरच्या दुधावर. ते कालवायचं विहिरीच्या पाण्यात. आणि विहिरीला खेटून टोमॅटोचे वाफे, ज्यांच्यावर आजोबाच औषध मारायचा.

“सरका, माझा नवरा रडतोय,” बायको वाविरा बाळाला उचलताना म्हणे. नवऱ्याच्या नावाचा नातू म्हणजे आजीचा नवराच.

“मग मी कोण?”

“तुम्ही जुने. तुमचे दात चाललेत, ह्याचे यायचेत.”

गिचिरा हसे, पण नजर बाळाच्या ओठांवर जाई. ते निळसर वाटत. थंडी आहे, म्हणे वाविरा. पण झाकणभर औषधानं अळीचं काय होतं हे त्याच्याइतकं कुणी पाहिलं होतं? “पाणी चांगलं उकळ,” त्यानं बजावलं होतं. वाविरा नुसत्या ‘चांगलं’वर थांबणारी नव्हे. काढ्यासारखं ती ते निम्म्यावर आटवी.

पाणी खात्याची करीमी गावातल्या विहिरी तपासत फिरत होती. गिचिरानं तिला जवळजवळ ओढतच आणलं.

“पंप इथे धुता, आजोबा?”

“छे! कालव्यावर.”

“वा! म्हणजे खालच्या गावाचं नशीब.” तिनं एक बाटली भरून घेतली. “औषधाचं शहरातून कळेल. खताचं आत्ताच बघू.” तिनं कागदाची पट्टी पाण्यात बुडवली. पट्टी गर्द गुलाबी झाली.

“रंग तर झकास आलाय,” गिचिरा म्हणाला.

करीमी हसली नाही. “फार खत उतरलंय पाण्यात.”

“खतच ना! ते पिकाचं जेवण. विष असतं ते औषधात.”

“पिकानं खाल्लं ते जेवण. उरलं ते पाण्याबरोबर खाली जातं. मोठ्यांना सहसा बाधत नाही, पण तान्ह्या पोराचं रक्त गुदमरतं. ओठ निळे पडतात. घरात तान्हं आहे का?”

गिचिरानं घराच्या दाराकडे पाहिलं. “आम्ही उकळतो,” तो कसाबसा म्हणाला. “खूप उकळतो.”

“आजोबा, उकळून जंतू मरतात. खत कुठून मरणार? मीठ घातलेला रस्सा आटवला तर काय होतं?”

पुढचं त्यानं ऐकलंच नाही. तो धावत स्वयंपाकघरात शिरला. वाविरा नातवाला मांडीवर घेऊन बाटली तोंडाशी नेत होती. त्यानं ती हिसकावली.

“अहो मिचेरेचे बाबा! वेड लागलं का?”

“त्यात खत आहे. आपण आटवून आटवून ते आणखी घट्ट केलं.”

वाविरा भांडायच्या तयारीत होती. मग तिनं बाळाला दाराच्या उजेडात नेलं आणि त्याचे ओठ निरखले.

“थंडी नव्हतीच तर,” ती म्हणाली.

तोवर करीमी दारात पोचली होती. बाळाकडे एक नजर टाकून, “दवाखान्यात चला,” म्हणत तिनं मोटरसायकलला किक मारली. मागे बाळाला कवटाळून मिचेरे बसली. आजोबांना जागा नव्हती. धूळ खाली बसेपर्यंत दोघं तिथेच उभे राहिले. मग गिचिरानं फोन हातात धरून अंगणात येरझारा सुरू केल्या. वाविरानं दोनदा सांगितलं, बसा. ती स्वतःही बसली नाही.

ऊन कलल्यावर फोन वाजला.

“बाबा, नळीनं हवा लावलीय, सुईसुद्धा दिली. रंग परततोय. आज इथेच ठेवणार आहेत.” मिचेरे श्वास घ्यायला थांबली. “पण डॉक्टर विचारतायत, घरी नेल्यावर पाणी कुठलं देणार?”

गिचिरा आपल्या हातानं खणलेल्या विहिरीकडे बघत राहिला. वाविरा मात्र रिकामा कॅन घेऊन चर्चच्या पावसाच्या पाण्याच्या टाकीकडचा चढ चढायला लागलीसुद्धा होती.