कशापायी सर

शंभर ओळींचा पॅच पाठवावा आणि बोरीहून एका शब्दाचं उत्तर यावं: 'का?' जगभरातल्या लोकांना ते उत्तर इंग्रजीत मिळायचं, मलाही तसंच मिळायचं. पुढे सरांशी फोनवर बोलणं सुरू झालं तेव्हा कळलं की त्यांच्या मनात तो प्रश्न मुळात 'कशापायी?' असाच उगवतो. मी आमच्या पुण्याच्या ऑफिसात हे सांगितलं आणि त्या दिवसापासून त्यांचं नाव कशापायी सर पडलं. त्यांच्या मेलची धास्ती मात्र काही कमी झाली नाही.

आमचं काम तसं विचित्रच. कंप्युटरच्या ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा म्हणजे कर्नल. प्रोसेसर बनवणारे पुढच्या प्रोसेसरमध्ये एखादी नवी सोय देणार असतात. तो प्रोसेसर बाजारात यायला दोन वर्षं अवकाश असतो, पण तो येईल त्या दिवशी कर्नलला त्याची ओळख हवी. म्हणून कर्नलमध्ये करायचे बदल, म्हणजे पॅच, आम्ही आधीच लिहून ठेवतो. ते मेलने साऱ्या जगासमोर मांडायचे आणि जाणत्यांनी त्यांतल्या चुका काढायच्या. चूक उरली नाही की जाणता माणूस खाली 'तपासले' असं लिहून पुढे आपलं नाव घालतो. त्या ओळीशिवाय पॅच पुढे सरकत नाही. मी ज्या भागात काम करायची, तिथले जाणते म्हणजे सर. बंगळूरची नोकरी सोडून ते आईच्या आजारपणात गावी आले होते. आई गेली, ते राहिले. जिंतूर रस्त्यावरच्या खताच्या दुकानावर दोन खोल्या घेऊन एकटे राहायचे आणि हे काम हौसेनं करायचे.

दोन वर्षं मला यातलं काही माहीत नव्हतं. सर म्हणजे एक पत्ता आणि एक धाक. एकदा मी मेलमध्ये लिहिलं की भावाच्या लग्नासाठी आठवडाभर सोनपेठला चालले आहे, सुधारलेला पॅच आल्यावर पाठवते. तासाभरात मला एकटीला मेल आली, चक्क मराठीत: 'सोनपेठ म्हणजे आपलंच का? गोदाकाठचं? मी बोरीचा.' मला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं. दोन वर्षं ज्याला मी कुठे तरी परदेशात बसलेला खडूस माणूस समजत होते, तो माझ्याच परभणी जिल्ह्यातला निघाला.

त्यानंतर फोन सुरू झाले. सर जगभरातल्या लोकांबद्दल बोलायचे ते गल्लीतल्या लोकांबद्दल बोलावं तसं. यातल्या एकालाही ते कधी भेटले नव्हते; पॅचवरून माणूस ओळखायचे. "त्या पोलंडवाल्याच्या घरी लेकरू झालं असंल बघ. झोप न्हाई झाल्यावानी चुका करायलाय." महिन्याभरानं त्या माणसानं खरंच रजेची मेल टाकली, मुलगी झाली म्हणून. सरांना एवढा आनंद झाला की त्यांनी खालच्या दुकानदाराला पेढे नेऊन दिले. "सरांच्या पाहुण्यात कुणाला तरी पोरगी झाली म्हणं," असं दुकानदार गावभर सांगत होता.

सरांच्या घरी एक जुनाट डेस्कटॉप होता. त्याला ते म्हातारी म्हणत. कुठलाही पॅच आला की तो आधी म्हातारीवर चढवायचा, ती सुरू होते का बघायचं, मग तिला झोपवायची, म्हणजे स्लीपमध्ये टाकायची, पुन्हा उठवायची आणि मगच नाव द्यायचं, हा त्यांचा नेम. नव्या प्रोसेसरसाठी लिहिलेला पॅच जुन्या यंत्रावर कशाला, असं मी एकदा विचारलं. "नव्या सुनंचं कौतुक समदेच करतेत," ते म्हणाले. "तिच्यापायी घरातल्या म्हातारीचं अंथरूण बाहेर तर न्हाई गेलं, हे कुणी बघायचं?" गरिबाच्या घरी, शाळेत, हापिसात जुनीच यंत्रं असतात, असं त्यांचं म्हणणं. ज्या प्रोसेसरांसाठी त्यांनी आयुष्याची दुपार घालवली, त्यातला एकही त्यांनी डोळ्यांनी पाहिलेला नव्हता.

मग तो माझा पॅच आला. चार वेळा सुधारून झाला होता. कर्नलची पुढची आवृत्ती बाहेर पडणार होती, तिच्यात घुसायला दोन दिवस उरले होते आणि माझ्या बढतीचं घोडं त्यावरच अडलं होतं. मी तेव्हा सोनपेठलाच होते. म्हटलं, फोनवर कशाला, समोर बसूनच तपासून घेऊ. आईनं धपाटे आणि दही बांधून दिलं आणि मी परभणीवरून बोरीची एसटी धरली.

खाली दुकानदार भेटला. "वर जा ताई. सर लय हुशार हायेत, पण दिवसभर काय करायलेत ते आमाला आजून कळलं न्हाई." सरांनी दार उघडलं, मला बघितलं आणि घाईघाईनं खुर्ची पुढे सरकवली. मग चहा ठेवला. घरात कप एकच होता. दुसरा आणायला ते स्वतः जिना उतरून दुकानात गेले. तेवढ्यात मी खोली पाहून घेतली: एक खुर्ची, एक लॅपटॉप आणि कोपऱ्यात पांढऱ्या फडक्याखाली झाकलेली म्हातारी. त्या आठवड्यात गावातली वीज रोज संध्याकाळी पाचला जायची ती सकाळी दहाला यायची. लॅपटॉप इन्व्हर्टरवर चालायचा; म्हातारीला मात्र खरी वीज लागायची.

पॅच आम्ही अर्ध्या तासात वाचला. नंतर सर बोलत राहिले. आईचं पथ्यपाणी, बंगळूर, निजामाच्या राज्यात उर्दूतून शिकलेले वडील, पोलंडवाल्याची मुलगी. धपाट्याचा घास हातात तसाच राहायचा आणि बोलणं चालू. पाचला दिवे गेले, तेव्हा मी निघायला उठले. सर म्हणाले, "आजून एक गाडी हाय की सहाला." मी थांबले. कोपऱ्यातलं फडकं दिवसभर कुणी उचललं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मेल आली: तपासले, आणि पुढे सरांचं नाव. मी घरभर नाचले. नाचता नाचताच लक्षात आलं की वीज दहाला येते. सात वाजता म्हातारी चालूच झालेली नसणार. मला कळलं होतं. एक फोन करायला हवा होता, आणि मी गप्प बसले.

आवृत्ती बाहेर पडली आणि जुनी यंत्रं झोपली की उठेनाशी झाली. दूरदेशीच्या एका शाळेतल्या मास्तरांनी तक्रार लिहिली: वर्गातले सगळे कंप्युटर मधल्या सुट्टीनंतर मेल्यासारखे पडतात. चूक माझी होती. यंत्र सुरू होताना मी विचारत होते की ही नवी सोय तुझ्याकडे आहे का. झोपेतून उठताना तेच विचारायचं विसरले होते. दोन ओळींची दुरुस्ती मी त्याच दिवशी पाठवली. त्याच संध्याकाळी सरांनी सगळ्यांसमोर लिहिलं: 'मी हे झोपवून उठवून पाहिलं नव्हतं. तरी नाव दिलं. दोष माझा.' माझं नावसुद्धा घेतलं नाही.

कर्नलमध्ये एक यादी असते, कुठल्या भागाचा पॅच कुणाला दाखवायचा याची. आठवड्यानं सरांचा पॅच आला, त्या यादीतून स्वतःचं नाव काढणारा. तपासायला त्यांनी मला सांगितलं होतं. मी लगेच फोन लावला.

"सर, पॅच माझा होता. मी सगळ्यांना लिहिते तसं. एका चुकीपायी एवढं?"

"तुझी चूक कोडातली होती, माय. ती दुरुस्त झाली. माझी कोडातली न्हाई. न बघता बघितलं म्हणलो मी."

"मी आले म्हणून झालं ते. मला माहीत होतं सर, वीज नव्हती ते. मी बोलले नाही."

मग म्हणाले, "तू आलीस ते लय बरं झालं. त्याला दोष देऊ नको."

"मग आता दिवसभर काय करणार?"

"बघू," ते म्हणाले. आणि मग, "तू टाळलंस तर दुसरं कुणी न वाचताच हो म्हणंल. तू वाच. चूक दिसली तर सांग."

मी वाचला. पाच ओळींचा पॅच, पाचही ओळी काढून टाकायच्या: त्यांचं नाव, मेलचा पत्ता आणि ते सांभाळत होते त्या तीन फायली. एखादा पत्ता चुकलेला असावा, एखादी ओळ जास्त गेलेली असावी, म्हणजे परत पाठवता येईल, म्हणून मी देव पाण्यात घालून बसले. संध्याकाळपर्यंत कितीतरी वेळा वाचला. यंत्रावर चढवून पाहिला, झोपवून पाहिला, उठवून पाहिला. कुठेही चूक नव्हती. मी 'तपासले' असं लिहिलं आणि पुढे माझं नाव घातलं.