खिडकीचित्रातली अक्का

लग्नाआधी मी अंबाजोगाईला चित्रकलेच्या दोन परीक्षा दिल्या होत्या, आणि लग्न करून साखर कारखान्याच्या कॉलनीत येऊन पडले. नवरा कारखान्यात केमिस्ट. त्या साली दुष्काळ असा की गाळायला ऊसच नव्हता. नवरा रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून प्रयोगशाळेत जायचा, रिकाम्या नळ्यांसमोर बसायचा आणि संध्याकाळी थकून यायचा. मला असं बसवत नाही. माझ्या पायाला भिंगरी आहे असं आई म्हणायची, आणि भिंगरी फिरवायला त्या कॉलनीत एक विहीर, एक मारुती आणि एक वाचनालय एवढंच होतं. विहीर आटलेली. मारुतीला किती फेऱ्या घालणार? म्हणून वाचनालयात कामाला लागले.

वाचनालय कामगारांच्या सहकारी संस्थेचं, म्हणजे कमिटी आलीच. दिवाळी अंकांचा गठ्ठा यष्टीच्या टपावरून मांजरसुंब्याच्या स्टॉपवर उतरायचा. त्यात एक विनोदी अंक असायचा, खिडकीचित्रांचा. पानाला चौकोनी खिडकी कापलेली असायची आणि तिच्यातून आतल्या पानावरची बाई थोडीशीच दिसायची, म्हणजे माणूस घाईघाईने पान उलटेल एवढीच. उलटलं की उघडा खांदा वाटला होता ते न्हाव्यापुढे बसलेल्या गृहस्थाचं टक्कल निघायचं, आणि बाई पलीकडे निवांत मोगरा विकत बसलेली. हा अंक बायकांना आणि मुलांना द्यायचा नाही असा कमिटीचा ठराव होता. ठरावाआधी पाचही सभासदांनी तो आळीपाळीने घरी नेऊन तपासला होता. माझ्या हाती आला तेव्हा त्याची पानं धुवून वाळवलेल्या फडक्यासारखी झाली होती.

ती चित्रं काढणाऱ्या माणसावर मी जीव टाकला. चावट म्हणून नाही. चावटपणा मला कळत होता, मी काही दुधखुळी नव्हते. पण त्याची रेघ! काखेपासून टाचेपर्यंत एका दमात ओढलेली, कमरेशी जाड होणारी, घोट्याशी केसाएवढी बारीक. छाया नाही, गिरवणं नाही. नाक म्हणजे एक ठिपका, आणि त्या ठिपक्यात अख्ख्या जगाबद्दलचा तिचा तोरा. त्याच्या बायका शिंप्याकडे माप द्यायच्या, बँकेत खिडकीशी उभ्या राहायच्या, सायकलवरून जायच्या, आणि भोवतालचे पुरुष नाल्यात पडायचे, खांबावर आपटायचे. फजिती कायम पुरुषांची. बाईला ना शरम, ना कुणाची पर्वा. मी खाली मान घालून चालायला शिकवलेली मुलगी. मी त्या बायका परत परत बघत बसायची.

मग मी तशी चित्रं काढायला घेतली. ऊस नोंदणीचे फॉर्म त्या साली कुणालाच लागणार नव्हते, त्यांच्या कोऱ्या बाजूवर. शंभरेक फॉर्म खराब केले असतील. माझ्या बायका गादीवरच्या लोडासारख्या व्हायच्या. कंबर काही केल्या येईना. आणि मी तर डोक्यात एकच घेतलेलं, की त्या अंकात छापून यायचं. त्याच्या शेजारी, त्याच कागदावर. आयुष्यात मला दुसरं काही इतकं हवं झालं नव्हतं, आणि हे मी नवऱ्यालासुद्धा सांगितलं होतं. तो बिचारा बरं म्हणाला.

उन्हाळ्यात टँकर सुरू झाला. पालीच्या तलावावरून भरून यायचा, दुपारी कधीही. पहिल्याच आठवड्यात दोन डोकी फुटली, तेव्हा कारखान्याने पाणी वाटायला अक्काला नेमलं. अक्का चाळिशीची, उंच, हनुवटीवर गोंदण. ती मूळची ऊसतोडीची. तोडीला मुकादम बहुधा नवरा-बायकोची जोडी धरतो, तिलाच एक कोयता म्हणतात. अक्काचा नवरा दोन हंगामांपूर्वी पश्चिमेकडे तोडीला गेला आणि दुसरीबरोबर तिकडेच राहिला. अर्धा कोयता कोण घेणार? म्हणून ती कॉलनीमागच्या शेडात एकटी राहून मिळेल ते काम करायची. तिचा आवाज असा की भांडण एका हाकेत थांबायचं.

साडीचा काष्टा मारून, एक पाय टँकरच्या झाकणाच्या कडेवर ठेवून, पाइप कमरेला टेकवून ती उभी राहायची. कारखाना बंद, त्यामुळे पाण्याला बहुतेक पुरुषच यायचे: इंजिनिअर, शेतकी अधिकारी, कमिटीचे पाचही तपासनीस. तिथे मला कंबर सापडली. सगळा भार एका पायावर टाकला की कंबर आपोआप तिकडे जाते, खांदा उलटीकडे कलतो आणि मान वर होते. म्हणजे तो व्यंगचित्रकार काही मनचं काढत नव्हता, त्याने कधीतरी ओझं घेऊन उभी राहिलेली बाई नीट बघितली होती. मी हे बघत होते आणि मग खालच्या माणसांचे डोळे बघितले. बटाट्याएवढे. तोंडं उघडी, जिभा कोरड्या, सगळ्यांच्या नजरा वर. मी बादली न भरताच घरी पळाले. दुसऱ्या दिवशी नवरा बिनअंघोळीचा प्रयोगशाळेत गेला.

चित्र असं होतं. खिडकीतून फक्त बाईची ओली साडी, उघडी पोटरी आणि तिच्याकडे डोळे फाडून बघणारी पुरुषांची रांग दिसते. पान उलटलं की पाइपाचा जोड गळताना दिसतो, आणि सगळे बघतायत ते त्या वाया जाणाऱ्या धारेकडे. काढून झाल्यावर मी खोलीत येरझाऱ्या घातल्या. माझं मलाच हसू येत होतं. चित्र जमलं होतं, यात शंका नव्हती.

पण चेहरा हुबेहूब अक्काचा होता, गोंदणासकट. कुणी बोट दाखवलं असतं तर तिचं काम गेलं असतं. तिला विचारल्याशिवाय पाठवणं मला पटेना. टँकर गेल्यावर तिला वाचनालयात बोलावलं. तिने पदराला हात पुसले, खिडकीतून बघितलं आणि तोंडावर पदर धरून हसली. पान उलटलं, आणखी हसली. मग पदर खाली केला. एकेका माणसावरून बोट फिरवत रांगेच्या टोकापर्यंत गेली.

"हे समदे पाण्याकडंच बघायलेत की, बाई," ती म्हणाली. "माझ्याकडं बघाया एक बी न्हाई? कावून?"

मी तिला समजावलं की गंमत त्यातच आहे, एकानेही तिच्याकडे बघितलं तर विनोद मरतो. तिने ऐकून घेतलं.

"मरू द्या की थोडा. रोज उन्हात वर हुबी ऱ्हाते, पर कुणाला दिसत न्हाई मी. एकाला तरी इकडं बघू द्या."

मला तिचा राग आला. इतकं मोठं काम जमलं होतं आणि ही त्यात खोडा घालत होती. आणि मग इतकी लाज वाटली की मी तिच्या देखतच दौत उघडली. कोपऱ्यात एक माणूस काढला, किडकिडीत, चाळिशीचा, मान वर करून अक्काकडे बघणारा. त्याच्या हातातली बादली खाली ठेवा, असं तिने सुचवलं. मी बादली खाली ठेवली. तिने बराच वेळ बघितलं आणि आता पाठवा म्हणाली.

पंधरा दिवसांत चित्र परत आलं, सोबत संपादकांचं कार्ड. चित्र उत्तम आहे, कोपऱ्यातला माणूस मात्र विनोद मारतो, त्याला काढून आठ दिवसांत पाठवल्यास घेऊ, असं लिहिलं होतं.

ते आठ दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. वाचनालय दिवसातून तीनदा झाडलं. कादंबऱ्या आधी लेखकांप्रमाणे लावल्या, मग रंगाप्रमाणे, मग परत लेखकांप्रमाणे. जेवताना ताटावरून उठायची आणि कशाला उठले ते आठवायचं नाही. नवरा म्हणाला, अक्काला वाचता येत नाही, अंक तिच्या हाती कोण देणार आहे? ते ऐकून मला त्याचा संताप आला. दोन दिवस बोलले नाही त्याच्याशी. आणि केलं मी तेच. पांढऱ्या रंगाचे तीन हात दिले तेव्हा तो माणूस बुजला. तो उभा होता तिथे मी दोन-चार खडे काढले आणि बादलीही बुजवली. मग चालत स्टॉपवर जाऊन पाकीट तिथल्या पोस्टाच्या पेटीत टाकलं.

अंक दिवाळीच्या आधी आला. गठ्ठ्याची सुतळी मी दातानेच तोडली. माझं चित्र खरंच त्याच्या चित्रासमोरच्या पानावर होतं. आधी मी माझंच बघत बसले. मग त्याचं बघितलं, आणि माझा आनंद ओसरायला लागला. त्याच्या चित्रातही पान उलटल्यावर सगळे पुरुष भलतीकडेच बघत होते. पण बाईच्या कानातली कुडी, मानेवर सुटलेली बट, चपलेचा तुटून पिन लावलेला अंगठा, सगळं त्याने जीव लावून काढलं होतं. तिच्याकडे कुणी बघत नसलं तरी काढणारा बघत होता. मी माझी सगळी मेहनत पुरुषांच्या डोळ्यांवर आणि पाण्याच्या धारेवर घातली होती. अक्काच्या वाट्याला कंबर आणि गोंदण, बाकी चार रेघा.

त्याच दुपारी अक्का दारात आली. धाकट्या भावाबरोबर तिचा कोयता जमला होता आणि टोळीचा ट्रक निघायला उभा होता. अंक माझ्यासमोर होता. मी त्यावर वर्तमानपत्र सरकवलं. आलं का पुस्तक, असं तिने विचारलं. मी सांगितलं की पुस्तक आलं, पण आपलं चित्र त्यांनी छापलं नाही.

तिने डोक्यावरचा पदर सारखा केला. मला वाटलं आता दाखवा म्हणेल, आणि तिने म्हणावं असंही वाटलं.

"त्या एका बाप्यापायीच न्हाई छापलं आसल," ती म्हणाली. "पर तुमी त्याला हाकललं न्हाई, लई बरं केलं बाई."

मी नुसती मान हलवली. तिने माझ्या पाठीवरून हात फिरवला, पुढच्या साली छापतील म्हणाली, आणि ट्रककडे गेली.