मिलान ते तुरीन, मार्गे अंथुर्णे

अंथुर्ण्यात कुणी मोठी थाप मारली की लोक म्हणत, "आली बघा इटलीची गाडी!" ही गाडी गावात आणली रामहरीनं. पलटणीत असताना तो इटलीत लढला, आणि लढाई संपल्यावर सामानाच्या पहाऱ्यावर मिलान शहरातून तुरीन शहराला रेल्वेनं गेला. लढाईचं विचारलं तर "झाली" एवढंच म्हणायचा. पण गाडीचं नाव काढायचा अवकाश, गडी सुटलाच! दहा वर्षं झाली तरी त्याच्या डोक्यातली ती गाडी तुरीनला पोचायची राहिलीच होती.

गाडीला काचा नव्हत्या, धुरानं तोंडं काळी झाली, इथपर्यंत लोक मानायचे. पण त्यानं खिडकीतून गोऱ्या बाया गुडघाभर चिखलात उभं राहून भातातलं तण बेणताना बघितल्या, असं म्हटलं की पारावर हशा पिकायचा. लोकांनी गोरी बाई बघितली होती ती कलेक्टरच्या मोटारीत, हातमोजे घातलेली. ती कशाला चिखलात उतरतीय?

एरवी हे हसण्यावारी गेलं असतं. पण त्याच्या पोरीला, रतनला, काटेवाडीचं स्थळ आलं. सोपान, बागायतदाराचा नव्हे, पण स्वतःच्या हिमतीवर चार वाफे फुलवणारा पोरगा, आणि रतनच्या मनात भरलेला. पाहुणे येण्याच्या आदल्या दिवशी प्रयागबाईनं नवऱ्याला भाकरीवर हात ठेवायला लावला. "उद्या त्या गाडीचं नाव काढलंत तर बघा! पोरीचं वाटुळं व्हईल." रामहरीनं शपथ घेतली. मनापासून घेतली, बिचाऱ्यानं.

पाहुणे बैलगाडीनं आले. सोपानचा चुलता आबासाहेब, आणि सोपानची आई धोंडाबाई. नवरा गेल्यावर लोकांच्या रानात खुरपून तिनं पोर वाढवलं होतं. ती जोत्यावर टेकली आणि पाय चोळत बसली. रतननं चहा आणला, नाव सांगितलं, पसंती चेहऱ्यांवर दिसायला लागली. रामहरी तोंडात गुळणी धरल्यासारखा गप्प होता.

तेवढ्यात आबासाहेबांनी बशी खाली ठेवली. "पोरगी चांगली हाय. पण रामहरीराव, येताना पारावर लोक हसत व्हते. तुमी म्हणं इटलीत रेल्वेतनं मडमांना चिखलात खुरपताना बघितलं. ही चेष्टा का खरं? न्हाय, आमाला हसायचं न्हाय. पण ज्याच्या शबुदावर सोयरीक बांधायची, त्यो शबुद कसा हाय ते कळाय पायजे."

आतून प्रयागबाईच्या बांगड्या वाजल्या. वाजल्या कसल्या, खणाणल्या! "चेष्टा केली व्हती" एवढं म्हटलं की सुपारी फुटणार होती. रामहरीला ते कळत होतं. दाराआड उभ्या रतनची सावलीही त्याला दिसत होती. आणि तरी खोटं बोलायला जीभ उचलेना. पोरीच्या लग्नाची पहिली गोष्टच खोटी सांगायची?

"खरं हाय," तो म्हणाला आणि उठूनच उभा राहिला. "आबासाहेब, गाडी निगाली मिलानातनं! पूल मोडल्याला, म्हणून गोगलगाईवानी चाललीया. आन् बगतो तर दोन्ही अंगाला पाणीच पाणी! मला वाटलं कॅनॉल फुटला! पाण्यात भात, आन् भातात बाया! ही अशी वळ, पार नजर पोचस्तवर! डोक्याला गवताच्या टोप्या, लुगडी न्हवं, झगं, पर खोचल्यालं आपल्यावानीच! आन् वाकून गात व्हत्या, समद्या एका सुरात! आमी खिडकीतनं हात केला तर एकीनं चिखलाचा गोळाच फेकला की! हितं लागला, हितं!" त्यानं छातीवर थाप मारली. तो ओसरीवर खिडकीतून वाकत होता, हात करत होता, त्याचे डोळे चमकत होते. आत प्रयागबाईनं कपाळावर हात मारून घेतला.

आबासाहेब मिशीतल्या मिशीत हसले आणि काठीकडे हात नेला. "बरं हाय. कळवतो मग."

"थांबा भावजी," धोंडाबाई म्हणाली. आल्यापासून ती पहिल्यांदाच बोलत होती. "रामहरीभाऊ, त्या वळीतल्या बाया वाकल्याल्या. मग उभं कोण व्हतं?"

रामहरी गोंधळला. हे त्याला आजवर कुणीच विचारलं नव्हतं. त्यानं डोळे मिटले. "उभं... व्हय, एक बाप्या व्हता. बांधावर. काळी छत्री धरल्याली, पायात बूट. बुटाला चिखलाचा ठिपका न्हवता. आन् हात असा करून वरडत व्हता, कोन जानं काय."

धोंडाबाई हसायला लागली. हसता हसता पदरानं डोळे पुसायला लागली, तरी हसू थांबेना. "काय वरडत आसंल ते मी सांगते! 'गाणं कमी, हात जास्ती!' भावजी, त्यो मुकादम. बाया चिखलात आन् ह्यो छत्रीत. मी पंदरा वर्सं ह्याच मुकादमाच्या म्होरं वाकले. ही थाप घरात बसून कुणाला सुचायची न्हाय." ती गुडघ्यावर हात टेकून उठली आणि दाराकडे वळली. "ये बाई रतन, अशी माझ्याजवळ बस. आन् भावजी, बगता काय? फोडा सुपारी!"