मिलचे इशारे अन् यांचा आखडलेला जबडा

बायांनो, आज सांगितल्याशिवाय मले राहवतच नाही.

आमचे हे रोलिंग मिलमधे आहेत. तिथं मशीनच्या आवाजात बोललेलं ऐकू येत नाही, म्हणून सगळे हातानं इशारे करतेत. घरीही तीच सवय. पाणी पाहिजे असलं तरी अंगठा तोंडाकडे!

यांचं बोलणं बंद झालं, तरी त्या सवयीपायी मले काही वेगळं वाटलं नाही. मंग एक दिवस पोळी दुधात कुस्करून खाऊन राहिले होते. म्हटलं, "कावून जी, काय झालं?" यांनी तोंड उघडून दाखवलं, तर बोटभरही उघडेना.

आज सकाळी डॉक्टरनं कानापुढच्या सांध्यात इंजेक्शन दिलं. सुई पाहून मीच तोंड फिरवलं. "व्यायाम करत राहा, हळूहळू मोकळा होईल," म्हणाले. भलं होवो त्यांचं.

संध्याकाळी यांचा अंगठा पुन्हा तोंडाकडे गेला. मी उठलीच होती, तर यांनी हात खाली घेतला अन् म्हणाले, "मंगला, पाणी दे ना."

किती दिवसांनी यांच्या तोंडून माझं नाव ऐकलं! अन् मीच हातानं सांगितलं, आणते म्हणून.

तुमच्या घरी कोणी गप्प गप्प राहते का? विचारलं का त्याले, कावून?