लेन्सचं कुरिअर आलं आन् सुपारी राहिली

मंडळी, आज दुपारी माझं जमत आलेलं लग्न मोडलं. कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवेना, म्हणून इथं लिहितेय.

सुपारी फोडायला दौंडहून मुलगा आणि त्याच्या घरची मंडळी शिरूरला आमच्या घरी आली होती. चहा चालला होता, तेवढ्यात कुरिअरवाला दारात. मी एका वेबसाइटवर नाव नोंदवलंय, तिथून दर तीन महिन्यांनी लेन्स आणि सोल्यूशन आपोआप येतं.

"ताई, डोळ्याच्या लेन्स आल्यात, सही करा," तो मोठ्यानं म्हणाला.

मुलाच्या आईनं कप खाली ठेवला. "म्हंजी पोरीला चष्मा हाय व्हय? आन् आमच्यापासनं लपवलं?"

"लपवलं न्हाई काकू. मी ह्यांना सांगितलंय."

खरंच सांगितलं होतं. कारेगावला मी आणि तो मुलगा एकाच कंपनीत आहोत. एकदा कँटीनमध्ये मी मुद्दाम चष्मा लावून त्याच्यासमोर बसले. तो हसून म्हणाला होता, "ह्यातच जास्त छान दिसतेस."

त्याच्या आईनं त्याला विचारलं, "तुला ठाव हुतं?"

त्यानं एकदा माझ्याकडं पाहिलं. मग म्हणाला, "न्हाई."

सगळे उठले. माझे वडील, आबा, हात जोडत त्यांच्यामागं फाटकापर्यंत गेले.

चष्म्यामुळं नकार आला असता तर मी सोसलं असतं. पण आबा परत आले आणि माझ्याकडं न बघताच म्हणाले, "पोरी, खरंच सांगितलं हुतंस का गं त्याला?"

तुम्हीच सांगा, आबांना मी आता काय सांगू?