दिवसाढवळ्या लावलेलं दार

तिसरी बी पोरगीच झाली, म्हणून घरानं नाव ठेवलं नकोशी. ती मात्र फॉर्मावर ते नाव ठसठशीत लिहायची. अठ्ठ्याण्णव साली लोणी भापकरहून एसटीनं बारामतीला कॉम्प्युटरच्या क्लासला जायला लागली, तेव्हाही तसंच लिहिलं.

शनिवारी नागेश सर गेम लावून द्यायचे. इंग्रजी गेम, सर उलगडून सांगायचे. एक गल्ली, सात घरं. कुणाची तरी सोन्याची माळ गेलेली. शेजाऱ्यांच्या घरांवर नजर ठेवायची, माग काढायचा, चोर धरायचा. नकोशीनं माउस घेतला आणि पहिल्याच दमात साती घरं धरली.

"अगं, चोर एकच हाय!"

"सर, भर दिवसा सातीच्या सातींनी दारं लावल्यात. सोडू कुणाला?"

क्लास खदाखदा हसला. सर म्हणाले, "तिकडं माणसं दार लावूनच राहत्यात. त्यात काळंबेरं नसतं."

गावात दिवसा कडी लागली म्हणजे आत एक तर भांडण, न्हायतर लफडं. उगीचच दार लावून बसता येतं, हे तिला नवंच होतं. पण पटलं.

क्लासात मशीन अर्धाच तास मिळायचं. मग तिनं घरी पुठ्ठ्यावर कीबोर्डासारखी अक्षरांची बटणं आखली. दार उघडं ठेवलं की दहाजणी डोकावायच्या, म्हणून दुपारी कडी घालून बोटं बडवत बसायची.

चौथ्या दिवशी शेजारच्या सारजानं फटीला कान लावला. "आत टकटक वाजतंय गं! मधीच हसती बी." बायांनी उंबऱ्यापुढच्या चपला मोजल्या. एकच जोड. "दुसरा आत लपवला आसंल," कुशाबाईनं निकाल दिला.

बाप बिरू एमआयडीसीतल्या दूध कारखान्यातून मोटारसायकलवर आला, तर अंगणात गल्ली गोळा झालेली.

"भावजी, त्या क्लासानंच पोर नासली," सारजा म्हणाली.

बिरूनं दार धडाधडा वाजवलं. नकोशीनं उघडलं. पुठ्ठा आत पाटावर पडला होता. दाखवला असता तर तिथंच मिटलं असतं. तिनं दाखवला न्हाय.

"आत काय करती?"

"माझं काम."

"सोमवारपासनं क्लास बंद!"

"आबा, रातपाळी असली की तुमी दिवसभर कडी लावून झोपता. तवा सारजाकाकीनं तुमच्या चपला मोजल्या का?"

कुणीतरी फिसकन हसलं. बिरूचं तोंड लाल झालं. सारजा बोलली, "जीभ बघा कशी चालती!"

"चालणारच. आन् काकी, उद्या बी कडी लावणार हाय. कान लावायचा तर येताना पाट घिऊन या, उभ्यानं कंबर धरंल."

आणि बापासकट सगळ्यांच्या तोंडावर तिनं दार लावून घेतलं. कडी वाजली, मग टकटक सुरू झाली.

सोमवारी भाकरी बांधून, कुणाला न विचारता, तिनं आठची एसटी धरली.