गंधाचं बोट

आमच्या लेकीला ओलं-चिकट काही म्हणजे काही चालत नसे. वरणाचा थेंब बोटाला लागला तरी घर डोक्यावर घ्यायची. "छी, गीला है, हटाओ!" एरवी मराठी बोलणारी पोर, पण घाबरली की हिंदीतच ओरडणार. आमच्या ग्वाल्हेरात मुलांचं हे असंच. पाच वर्षांची झाली तरी तिला जेवण भरवावं लागे, फ्रॉकचं बटण लावता येत नसे, पेन्सिल ती मुठीत धरून कागद फाडायची. पुण्याच्या नणंदबाईंनी फोनवरच निदान करून टाकलं, "लाडावून ठेवलीत तुम्ही तिला." मी म्हटलं, या तुम्ही, चार दिवस भरवून बघा, मग बोला. नंतर बरेच दिवस त्यांचा फोन आला नाही.

डॉक्टरांनी थेरपी सांगितली. सेंटर लांब, कंपू मोहल्ल्यात. माझी नोकरी, नवऱ्याचं दुकान दुसऱ्या टोकाला, पडाव भागात, मग नेणार कोण? सासरे म्हणाले, "मी आहे ना. रिटायर माणसाला दुसरं काय काम?" संस्कृतचे मास्तर होते ते. घराणं पुजाऱ्यांचं, तेव्हा रोज सकाळी सोवळ्याचा रेशमी कद नेसून पूजा. पूजा होईपर्यंत त्यांना कोणी शिवायचं नाही, हा नियम मी सून म्हणून आले त्या दिवसापासून बघत होते. पूजा आटोपली की तोच माणूस पँट-शर्ट चढवून, हेल्मेट घालून, नातीला स्कूटरवर पुढे उभं करून निघायचा.

तिथे तिला पोटावर झोपवून झोका द्यायचे आणि झोके घेता घेता खालच्या रिंगा उचलायला लावायचे. राजम्याच्या टबात हात घालून लपवलेली खेळणी शोधायची. कपड्यांचे चिमटे दोरीला लावायचे. फार चिडली की गोधडीत घट्ट गुंडाळायचं, मग हळूहळू निवायची. हे सगळं सासरे घरी जसंच्या तसं करून घ्यायचे. "चला, गुंडाळीचा खेळ!" म्हणत आधी स्वतः जमिनीवर लोळून दाखवायचे. मला हसू यायचं आणि भरूनही यायचं.

ओल्यापाशी मात्र गाडी अडली होती. थेरपिस्ट मुलीने सासऱ्यांना बजावलं होतं, "अंकल, हाथ पकड़कर मत डलवाइए. मन होगा तो खुद आएगी. और जब आए, तो बस टोकिए मत." ते त्यांनी मनावर घेतलं. घरी आल्या आल्या फर्मान काढलं, "तिला कशालाही हात लावू दे. टोकायचं नाही हं कोणी!" मी साबणाचा फेस सांडू दिला, कणीक भिंतीला लागू दिली. पण ती लांबूनच बघायची.

तिला एकाच ओल्या गोष्टीची ओढ होती, चंदनाची. सासरे सहाणेवर खोड उगाळायला बसले की ती देवघराच्या दारात येऊन उभी राहायची आणि नाक वर करून वास घ्यायची. रोज. त्या दिवशी मी स्वयंपाकघरातून बघत होते. ती उंबरा ओलांडून आत गेली आणि त्यांच्याजवळ उकिडवी बसली. सासरे डोळे मिटून पुटपुटत होते. तिने बोट पुढे केलं. बोट गंधाला टेकणार, तेवढ्यात त्यांनी डोळे उघडले आणि त्यांच्या तोंडून निघालं, "शिवू नकोस! सोवळ्यात आहे मी!"

आयुष्यभराची सवय ती. शब्द निघाला आणि त्यांच्या चेहऱ्याचा रंगच उतरला. पोरगी रडली असती तर बरं झालं असतं. तिने फक्त दोन्ही हात पाठीमागे नेले आणि मुकाट्याने बाहेर गेली. सासरे खोड हातात धरून तसेच बसून राहिले. "सूनबाई, माझं मेलं तोंड," एवढंच म्हणाले. त्या दिवशी देवांना गंध लागलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी सहाण व्हरांड्यात आणली. कद नाही, काही नाही, बनियन-पायजम्यात बसून उगाळायचे. ज्या माणसाने बायकोला, पोटच्या मुलालाही त्या वेळी कधी शिवू दिलं नाही, तो म्हणायचा, "ये गं राणी, लाव बोट. मी सोवळ्यात नाही. हे बघ, तूच शीव मला." ती यायची, वास घ्यायची, हात पाठीमागेच. थेरपी चालू होती, बाकीचं जमत गेलं. सेंटरमध्ये ती माती मळायला लागली, बटण लावायला लागली, पुढे वरणभात स्वतःच्या हाताने कालवायला लागली. सासरे कौतुकाने जगाला सांगत फिरायचे. मग माझ्यापाशी येऊन हळूच विचारायचे, "गंधाला हात नाही ना लावला अजून?" रोज उगाळायचे. थंडीत खोकत उगाळायचे. त्याच थंडीत ते गेले.

परवा त्यांचं वर्षश्राद्ध झालं. फोटो पुसून ठेवला, हार आणला, चंदन उगाळायला मी बसले. लेक शेजारी येऊन बसली आणि सहज, अगदी सहज, तिने बोट गंधात बुडवलं. चेहऱ्यावर आठीसुद्धा नाही. मी टोकलं नाही, जागची हललेसुद्धा नाही. ती उठली, फोटोपाशी गेली, बोट काचेजवळ नेलं आणि थांबली.

"आई, आजोबा आता सोवळ्यात आहेत?"

"नाही गं," मी म्हटलं. "लाव तू."

"पक्कं?"

"पक्कं."

तिने लावलं. मग ओलं बोट काचेवर तसंच टेकवून ती वाट बघत राहिली, आजोबा काही म्हणतात का याची.